अभयारण्यातल्या गावात होमस्टे काढायचा म्हणता, आधी नुकसान कुठल्या घरात होते ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत. घरचे कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, ओहळाकाठी थोडी भातशेती, वर डोंगरावर काजू. तुम्ही पाच जण मिळून पाहुणे ठेवायचे आणि धबधबे दाखवायचे म्हणता. वडील म्हणतात, ‘व्याघ्र प्रकल्प आला की गाव उठणार, कशाला पैसे घालता?’ वनरक्षकाने ‘परवानगी नाही’ म्हणून सांगितले आहे. रस्त्याचे काम अडले आहे. आणि शेवटी तुम्ही विचारता की जंगल राखणे, बापजाद्यांची शेती आणि पर्यटन ही तिन्ही एका गावात नांदतात का, की कोणा एकाचा बळी जातोच?

मी सत्तरी आणि सांगे तालुक्यांत बागायतीचे सल्ले देण्याचे काम बरीच वर्षे केले. त्या ओघात वनहक्कांचे दावे भरायला लोकांना मदत केली. आता गावातल्या मुलांना जंगलातले मार्गदर्शक म्हणून तयार करतो. मी वकील नाही. कायद्याचे जे लिहितो ते या कामातून कळलेले आहे, तेव्हा कागद दाखल करण्याआधी जाणत्या वकिलाच्या नजरेखालून घाला.

तुम्ही भांडण तीन गोष्टींत आहे असे धरून चालला आहात. मी गावागावांत पाहिले ते भांडण दोन घरांतले असते. ज्याच्या बागेत गवा शिरतो ते घर रानाच्या कडेला, चढणीच्या वाटेवर, मोबाइलला रेंज नाही अशा ठिकाणी असते. ज्याच्याकडे पाहुणा उतरतो ते घर रस्त्याला लागून असते, समोर गाडी लावायला जागा असते, वर स्लॅब असतो. जंगल राखण्याचा खर्च पहिल्याच्या माथी येतो आणि जंगल राखल्याचा पैसा दुसऱ्याच्या घरी जातो. दोघांचेही काही चुकलेले नसते, पण दोन-तीन हंगामांत गावात दोन तट पडतात. ‘पर्यटनाने गाव बिघडले’ असे कोणी म्हणाले की मी खोलात जाऊन विचारतो, आणि बहुतेक वेळा तळाशी हेच निघते. दारूच्या बाटल्या आणि प्लॅस्टिक नंतर येते.

म्हणून सगळ्यात आधी एक यादी करा. गेल्या तीन वर्षांत कुठल्या घराचे कुठल्या जनावराने काय नुकसान केले, आणि तुमचा बेत जमला तर पैसा कुठल्या घरांत येईल. दोन रकाने. त्यात किती नावे दोन्हीकडे येतात ते बघा. माझा अंदाज, फार थोडी येतील.

नुकसान म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे इतरही वाचतील म्हणून लिहितो. गव्यांचा कळप रात्री कुळागरात उतरला की केळी आडव्या होतात, गाभा ओढून खाल्लेला असतो. केळीचे फारसे वाटत नाही, वर्षभरात पुन्हा घड धरतो. खरा घाव पोफळीच्या रोपांवर बसतो. लावून तीन-चार वर्षे झालेली रोपे खुरांखाली चेंगरलेली दिसतात. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे घेते, म्हणजे ती जागा पुन्हा पहिल्या वर्षावर आली. पंचनाम्यात रोप मोजले जाते, गेलेली वर्षे कोणी मोजत नाही. वर माकडे कोवळे नारळ पाडतात, डुक्कर भाताचा मळा उकरते, साळिंदर माडाचे कोंब खाते. आणि ज्याच्या बागेत हे घडते तो गव्याच्या अंगाला हात लावू शकत नाही, कारण गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. शिवाय तो गोव्याचा राज्यप्राणी आहे! हात लावूही नये, हे माझे मत आहेच. पण त्या मताची किंमत मी भरत नाही, तो भरतो.

जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुराची शिकार झाल्यानंतर विष घातले गेले, असे तपासात पुढे आले. त्या वेळी शहरात मेणबत्त्या आणि गावात मौन, असा सगळा प्रकार होता. मी त्यातून एवढेच घेतले की गुर मेल्यानंतरचा पहिला आठवडा महत्त्वाचा असतो. भरपाई सहा महिन्यांनी आली तर राग सहा महिने पोसला जातो. तुमच्या पर्यटनातून काही साधायचे असेल तर तो पहिला आठवडा साधा. त्यावर पुढे येतो.

आता वडिलांची भीती. ती हसण्यावारी नेऊ नका, तिला इतिहास आहे. म्हादई (208 चौरस किलोमीटर) आणि नेत्रावळी (211 चौरस किलोमीटर) ही दोन्ही अभयारण्ये 1999 मध्ये, राष्ट्रपती राजवटीच्या काळात अधिसूचित झाली. गावे आत आली, पण आत राहणाऱ्यांचे हक्क ठरवण्याचे काम दोन दशके उलटली तरी लोंबकळत राहिले. मग 24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले. त्याच निकालात अनुसूचित जमाती आणि इतर वननिवासींचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करा, असेही सांगितले होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. गावात निकालाचा पहिला भाग पोचला, दुसरा पोचलाच नाही. ज्यांनी पोचवायचा त्यांना पहिला भाग जास्त सोयीचा होता, असे मला वाटते.

कायदा काय म्हणतो ते पाहा. राष्ट्रीय उद्यानात खासगी हक्क संपवावे लागतात. अभयारण्यात तसे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 24 प्रमाणे जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव पालकांचा सल्ला घेऊन जमिनीवरचा हक्क पुढे चालू ठेवू शकतो. मोले हे उद्यान आहे, म्हादई अभयारण्य आहे, आणि हा फरक तुमच्या कामाचा आहे. व्याघ्र प्रकल्पासाठी 2006 मध्ये घातलेल्या कलम 38-व्ही मध्ये लोकांच्या शेतीचा आणि उपजीविकेचा विचार करणे बंधनकारक आहे. पुनर्वसन करायचे तर आधी हक्क मान्य व्हायला हवेत आणि ग्रामसभेची व त्या कुटुंबांची संमती लागते. कागदावरचे रक्षण आणि प्रत्यक्षातला दबाव यांत अंतर असते हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्याकडे हक्काचा कागदच नाही त्याला त्या कलमाचाही आधार मिळत नाही.

आणि सत्तरीची अडचण नेमकी कागदाचीच आहे. मोकासो, आल्वारा अशा जुन्या राजवटीतल्या सनदी जमिनी, देवस्थानची जमीन, सरकारी जमीन असा सगळा गुंता. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढा, कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचे नाव सापडेलच असे नाही, जरी बागेतली सर्वांत उंच पोफळ त्यांनीच लावलेली असली तरी. शेळ-मेळावलीत आयआयटीच्या विरोधात लोक उभे राहिले आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने तो बेत सोडला, त्या आंदोलनाच्या मुळाशीही जमीन कोणाची हाच प्रश्न होता.

वनहक्क कायदा 2006 हा अभयारण्यांनाही लागू आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘अभयारण्यात तो चालत नाही’ असे बिनधास्त सांगणारे कर्मचारी मला भेटले आहेत. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो. अनुसूचित जमातीत येणाऱ्या गावडा, कुणबी, वेळीप कुटुंबांना एवढे पुरते. इतर समाजांना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथेच राहून वनावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. सत्तरीत अनेकांचे घोडे इथेच अडते. पण पुरावा म्हणजे नुसता उतारा नव्हे. जुनी विहीर, घराचे जोते, बांध, पाट, देवराई, जुनी झाडे, पोर्तुगीज काळातली घरपट्टी, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, यांतले निदान दोन पुरावे जोडता आले पाहिजेत. वैयक्तिक दाव्याबरोबर सामुदायिक दावाही टाका. पाण्याचा ओहळ, चराई, चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणारी कवंडाळे-घागऱ्यांसारखी रानफळे आणायची वाट, हे सगळे सामुदायिक दाव्यात येते. पुढे पाहुण्यांना कुठल्या वाटेने न्यायचे आणि कुठल्या नाही हे गावाने ठरवायचे असेल तर त्याचे बळ याच दाव्यातून मिळते.

रस्त्याचेही इथेच बघा. त्याच कायद्याच्या कलम 3(2) मध्ये रस्ता, पिण्याचे पाणी, शाळा, वीजवाहिनी अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवायची तरतूद आहे, हेक्टरमागे 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नसतील तर, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर. अभयारण्यात यावर आणखी परवानगी मागितली जाऊ शकते. तरी ग्रामसभेचा ठराव नसताना नुसते आमदाराकडे निवेदन देऊन रस्ता होत नाही, हे तुम्ही अनुभवले असेलच.

जाता जाता एक. गावात अभयारण्याला शिव्या घालताना लोक विसरतात की कर्नाटकाशी चाललेल्या म्हादईच्या पाण्याच्या तंट्यात गोव्याच्या हातात जी थोडी कायदेशीर हत्यारे आहेत त्यांत याच अभयारण्याला लागू असलेले वन्यजीव कायद्याचे कलम 29 आहे. अभयारण्यात येणारे-जाणारे पाणी वळवायला ते आड येते. जे कलम तुमच्या वहाळावरच्या बांधाला आडवे येते तेच कर्नाटकच्या कळसा-भांडुराच्या कालव्यालाही आडवे येते. वडिलांशी वाद घालताना हा मुद्दा वापरून बघा.

शेतीकडे येतो. जंगल राखायचे म्हणजे शेती कमी करायची, असे समीकरण पर्यावरणाच्या सभांमधून ऐकू येते. ते सगळ्या शेतीला लागू पडत नाही. कुळागर घ्या. डोंगराच्या कुशीत झर, झरीचे पाणी पाटाने उतरते, वर माड-पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली केळ, जायफळ, अननस, कडेला भिरंड म्हणजे कोकम आणि फणस. हे चालायचे तर वरचा डोंगर झाडीने झाकलेला हवा. डोंगर बोडका झाला की झर मार्चमध्येच आटते. म्हणजे कुळागरवाल्याला वरचे जंगल स्वतःच्या गरजेपोटी लागते, त्याला कोणी प्रवचन द्यायला नको. म्हादईच्या खोऱ्यात काही गावांत पुरण शेती व्हायची: पावसाळा सरला की नदीच्या पात्रात दगड-मातीचे बांध घालून पाणी वळवायचे आणि उन्हाळी भात काढायचे. त्यासाठी अख्खे गाव एकत्र राबावे लागे. ती आता जवळजवळ गेली. जाण्याचे मोठे कारण वनखाते नव्हे, राबायला माणसे उरली नाहीत हे आहे.

काजूचे मात्र मी असे गोडवे गाणार नाही. काजूच्या खाली फारसे काही उगवत नाही, डोंगरच्या डोंगर एकाच झाडाचे झाले आहेत. आणि बोंडू वेचायला सोपे जावे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खालचा पाला पेटवायची सवय आहे. मार्च 2023 मध्ये म्हादईचे रान दिवसेंदिवस जळत होते, हवाई दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकावे लागले. आगी कशाने लागल्या यावर खूप वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण अभयारण्यात आग लावणे हा वन्यजीव कायद्याच्या कलम 30 खाली गुन्हा आहे, आणि काजूवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की पाला गोळा करून झाडाच्या बुंध्याशी दाबला तर ओल टिकते आणि वेचणीही अडत नाही. कष्ट जास्त पडतात, एवढेच. तुम्ही गावात पर्यटन काढणार असाल तर पहिली अट ही घाला: ज्याच्या काजूत पाला पेटला त्या घरी त्या वर्षी पाहुणा नाही. अशी अट पाळली गेली तर वनखात्याशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

आता पर्यटन. तुम्ही धबधब्यांपासून सुरुवात करायची म्हणता, मी म्हणेन धबधबा सोडा. जुलै 2023 मध्ये नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी आली. बंदी उठते, पुन्हा येते, त्यावर धंदा उभा राहत नाही. पण त्याहून मोठे कारण शेतीचे आहे. धबधबे वाहतात जून ते सप्टेंबर, आणि भाताची लावणीही तेव्हाच. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते त्याच दिवशी मळ्यात चिखलात उभे राहायला माणूस हवा असतो. मुलगा पाहुण्यांबरोबर गेला तर दोन दिवसांत रोख पैसे आणतो, लावणीला गेला तर काहीच हातात पडत नाही. तीन पावसाळ्यांत मळा पडीक. मला हे सांगायला कोणाचा अभ्यास नको, रस्त्याकडेच्या मळ्यांत वाढलेले गवत पुरे आहे.

शेतीचे दिनमान समोर ठेवून पाहुण्यांचा हंगाम ठरवा. कापणी-मळणी आटोपल्यावर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात. पाऊस नाही, वाटा कोरड्या, जळवा नाहीत, पक्षी भरपूर, काजूची धांदल अजून लांब. सुपारी उतरवायचे, सोलायचे, वाळवायचे काम कुळागरात चालू असते, ते पाहुणा पाहू शकतो, हात लावू शकतो. फोंड्याकडच्या स्पाइस प्लांटेशनमध्ये बसने माणसे येतात, पाट्या लावलेली चार झाडे बघतात, बुफे जेवतात आणि जातात. तो धंदा वाईट नाही, पण तो तुमच्या आवाक्यातला नाही आणि तुम्हाला जमूही नये. तुमच्याकडे दुपारी पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात कसे फिरवतात ते दाखवणारी आजी आहे. नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाची पेज, खतखते, भिरंडेची कढी आहे. हे बघायला येणारा माणूस कमी असतो, पण दोन रात्री राहतो.

किती पैसे मिळतील? समजा दोन खोल्या, जेवणासह खोलीमागे रात्रीला 1,800 रुपये, आणि दोन्ही खोल्या वर्षात 60 रात्री भरल्या. एकूण 2,16,000. जेवण, धुणे, दुरुस्ती, विजेचे बिल यांत निम्मे जातील असे धरा. उरले 1,08,000, म्हणजे महिन्याला 9,000. तुम्ही पाच जण. प्रत्येकी 1,800, एका रात्रीच्या भाड्याइतके! हा आकडा पाहून नाउमेद होऊ नका, पण नोकरी सोडू नका आणि कुळागर खंडाने देऊ नका. शेतीच्या जोडीला हा पैसा बरा, शेतीच्या जागी तो पुरत नाही.

मग तो पहिला आठवडा. पाहुण्यामागे येणाऱ्या एकूण रकमेतून दहा टक्के गावाच्या निधीत टाका. नफ्यातून नको, एकूण रकमेतून, कारण नफा लपवता येतो. वरच्या हिशेबात वर्षाला 21,600 होतात. यातून गव्या-डुकराने नुकसान केलेल्या घराला आठ दिवसांच्या आत रोख मदत द्यायची. तिला भरपाई म्हणू नका, सरकारी पंचनामा आणि त्याचे पैसे वेगळे, ते त्याने घ्यायचेच. सरकारी पैसे आल्यावर ही मदत परत मागू नका, वसुली सुरू झाली की निधी मेला. पैसे कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या तिघांत निदान दोघे रानाकडेच्या घरांतले हवेत, एक बचत गटातली बाई हवी, आणि पाहुणे ठेवणारा एकही नको. रक्कम छोटी आहे, गेलेल्या पोफळी त्यातून परत येणार नाहीत. पण पाहुणा आल्याचे रानाकडेच्या घराला कळते, आणि गवा आल्याचे रस्त्याकडेच्या घराला खर्च करून कळते. आज या दोघांना एकमेकांची बातमीही नसते.

दुसरे, पाहुण्यांच्या ताटातले केळे, तांदूळ, भाजी, नारळ शक्यतो रानाकडेच्या घरांतूनच घ्या, बाजारभावापेक्षा दोन पैसे जास्त देऊन. आणि वाटाड्याचे काम पाळीने वाटा. पाटाच्या पाण्याची पाळी तुमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालते, कोणाचे आळे कधी भिजणार यावर रोज भांडण होत नाही. तशीच ही पाळी लावा. इंग्रजी चांगले बोलणारा एकच मुलगा सगळे पाहुणे घेऊन जातो, असे होऊ देऊ नका. ज्याला बोलता येत नाही तो बऱ्याचदा जंगल जास्त ओळखतो.

वनरक्षकाच्या ‘परवानगी नाही’बद्दल. कशाला नाही ते लेखी विचारा. स्वतःच्या घरात पाहुणा ठेवणे, पाहुण्याला वनवाटेवर नेणे आणि नवे बांधकाम करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घराची नोंद पर्यटन खात्याकडे, 1982 च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली होते. अभयारण्यात बाहेरच्या माणसाने शिरायला वन्यजीव कायद्याच्या कलम 28 चा परवाना लागतो, आणि पर्यटन हे त्यात मान्य कारण आहे. बांधकामाचे मात्र नावच काढू नका. आहे त्या घरातल्या दोन खोल्या, आणि शौचालयाचा शोषखड्डा झरीच्या वरच्या अंगाला येणार नाही अशी जागा. खालच्या कुळागरात तेच पाणी जाते.

रानातल्या वर्तणुकीचे नियम सगळेच सांगतात, मी दोनच सांगतो, कारण इथेच घसरण होते. एक, छायाचित्रकारांना फ्रॉगमाउथ हा निशाचर पक्षी, किंवा धनेशाची ढोली दाखवायचा मोह. एकदा जागा दाखवली की ती रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर जाते, मग रोज दहा लोक, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणे, फ्लॅश. पिलांच्या दिवसांत ढोली दाखवायचीच नाही, कोणी हजार रुपये दिले तरी. दोन, देवराई. बांबरची निरंकाराची राई आहे, तिथे रान-जायफळाची दलदल आहे, जमिनीतून वर आलेल्या त्या झाडांच्या मुळ्या पायांनी तुडवल्या की दुखावतात. अशी राई तुमच्या गावात असेल तर ती कार्यक्रमात घालण्याआधी गावकऱ्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर विषय संपला. पावसाळ्यातल्या रोयणीच्या अळम्यांचे, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या भूछत्रांचेही हेच. पाहुण्याला नेऊन अळमी काढायला लावणारा मार्गदर्शक मी पाहिला आहे. वारूळ एकदा उकरले की पुढच्या वर्षी तिथे अळमी येईलच असे नाही.

हे सगळे तुमच्या गावाला किती लागू पडेल हे काही गोष्टींवर ठरेल. गाव रस्त्याच्या शेवटाला असेल तर वर्दळ हातात ठेवता येते, रस्ता गावातून पुढे जात असेल तर नाही. घरे कमी असतील तर पाळी आणि निधी चालतो, वाडे म्हणजे वस्त्या चार-पाच असतील तर प्रत्येक वाड्याचे वेगळे करावे लागेल. डोंगरातल्या धनगरांची घरे तुमच्या पंचायतीत असतील तर यादीत त्यांची गुरे आधी लिहा. त्यांना सहसा कोणी बैठकीला बोलावत नाही, आणि वाघ-बिबट्याशी गाठ त्यांचीच पडते. आणि शेजारच्या जमिनी बाहेरचे लोक विकत किंवा भाड्याने घेऊ लागले असतील तर घाई करा. वन संवर्धन कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मान्य आराखड्यातल्या पर्यावरण-पर्यटनाच्या सोयी वनेतर वापर मानल्या जात नाहीत. त्याचा फायदा गावापेक्षा मोठ्या भांडवलाला आधी कळणार.

एका परिस्थितीत मी सरळ नको म्हणेन. जमिनीवरून भावकीत वाद चालू असेल आणि दावा अजून टाकलेला नसेल, तर पाहुणे घेऊ नका. पैसा दिसू लागला की तडजोडीला तयार असलेला चुलताही मागे फिरतो.

म्हणून येत्या ग्रामसभेपूर्वी एवढे करा: नुकसानीची यादी, तुमच्या सर्व्हे नंबरांचे एक-चौदाचे उतारे, आणि सर्व्हेच्या नकाशावर अभयारण्याची हद्द कुठून जाते ते वनखात्याकडून लेखी. बऱ्याच गावांत अर्धी बाग आत आणि अर्धी बाहेर निघते, आणि मग उत्तरही अर्धे बदलते. वनहक्क समिती तुमच्या गावात स्थापन झाली आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे पंचायत सचिवाला विचारा. हे हाती आले की इथेच लिहा. सामुदायिक दाव्यात ओहळ आणि पाट कसे मांडायचे ते मग तुमच्या नकाशावरूनच सांगता येईल.